एक गोळी दे की!

फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत माणसाला कळत नाही. झोप ही त्यांतलीच. येत असते तोवर तिला कुणी विचारत नाही. सभेत आली तर आपण तिला हाकलतो, कीर्तनात आली तर स्वतःला चिमटा काढतो, परीक्षेच्या आदल्या रात्री आली तर तोंडावर पाण्याचे हबके मारतो. पण एकदा का ती रुसून गेली, की तिचे पाय धरायची पाळी येते, आणि झोपेचे पाय नेमके कुठं असतात हे काही अंधारात सापडत नाही.

आपल्या पुराणकारांना हे पक्कं ठाऊक होतं. मुचकुंद राजा देवांच्या बाजूनं लढून लढून इतका दमला, की देव 'वर माग' म्हणाले तेव्हा त्यानं गुहेतली निवांत झोप मागितली. शिवाय जो कुणी उठवील तो जळून भस्म होईल, अशी सोयही करून घेतली. पुढं कालयवनानं गुहेत शिरून त्याला लाथ मारली आणि तो जागच्या जागी भस्म झाला. मला हा राजा फार जवळचा वाटतो. आमच्या गल्लीत सकाळी सहाला घंटागाडीवर मोठ्यानं गाणं लागतं, तेव्हा तर फारच.

कुंभकर्णाची गोष्ट निराळी. त्याची झोप सहा महिन्यांची. पण लंकेवर संकट आलं आणि ढोल-नगारे बडवून त्याला मुदतीआधीच उठवलं. तसल्या झोपेतून उठवलेला माणूस लगेच कामाला जुंपला की काय होतं, ते रामायणात लिहिलेलं आहे. हीच गोष्ट पुढं मला आमच्या डॉक्टरांनी वेगळ्या भाषेत सांगितली. त्यांनी कुंभकर्णाचं नाव घेतलं नाही इतकंच.

तसा मी झोपेच्या बाबतीत खानदानी श्रीमंत माणूस. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला झोप न यायला कारणच नसतं. दुपारी तांबडा-पांढरा झाला की डोळे आपोआप मिटतात. रात्री गंगावेशीत डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं दूध उभ्या उभ्या घशाखाली घातलं की घरी येईपर्यंत चालताना झोप लागते. आम्ही रात्री जागतो ते आपखुशीनं. गाव कुस्तीचं असलं तरी वेड फुटबॉलचं. २०२२ साली विश्वचषकाचे सामने आपल्याकडच्या रात्री साडेबाराला सुरू होत, तेव्हा अर्जेंटिनाच्या आणि ब्राझीलच्या नावानं पेठाच्या पेठा जागल्या. त्या महिन्यात सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या निम्म्या लोकांचे डोळे तांबड्या रश्श्याच्या रंगाचे दिसत. पण त्याला कुणी निद्रानाश म्हणालं नाही.

माझी झोप गेली ती २०१९ च्या ऑगस्टात. लोकांची झोप उडते, माझी वाहून गेली. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. त्या आठवड्यात पंचगंगा आमच्याकडं पायऱ्या मोजत आली. संध्याकाळी पहिल्या पायरीवर होती, रात्री साडेदहाला तिसऱ्या. दीड वाजता उठून पाय खाली सोडला तर पाय पाण्यात. पस्तीस वर्षं मी शाळेत 'हौद भरायला किती वेळ लागेल' हे गणित शिकवलं. त्या हौदात आपण स्वतः झोपलेले असू असं कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. पुण्याकडचा रस्ता शिरोलीजवळ बंद, गावात प्यायला पाणी नाही आणि घरात छातीएवढं पाणी. आम्ही दोघं नऊ दिवस मंगळवार पेठेत आत्याच्या घरी राहिलो. पुन्हा २०२१ च्या जुलैत तेच. पुन्हा आत्या.

तेव्हापासून पाऊस लागला की माझा डोळा उघडतो. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मी रात्री दोनला फोन उघडून पातळी बघायचो. ३१ फूट. तीनला ३१ फूट २ इंच. त्या दोन इंचांवर पहाट व्हायची. त्यात राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित. स्वयंचलित म्हणजे धरण भरलं की ते कुणाला न विचारता उघडतात, आणि मुहूर्त त्यांना हमखास रात्रीचाच सापडतो. 'सहा नंबरचा उघडला' असा निरोप गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर पडला, की एका दरवाजाचे १४२८ क्युसेक गुणिले किती, अधिक अलमट्टीचं काय, असा हिशेब मी अंथरुणात करत बसायचो. गणिताच्या मास्तरानं अंथरुणात आकडेमोड सुरू केली की संपलं. मेंढ्या मोजून झोप येते म्हणतात. क्युसेक मोजून येत नाही.

एका पावसाळ्यात सलग तीन आठवडे पापणीला पापणी लागली नाही, तेव्हा सौ. म्हणाली, "आता मी सांगतो ते ऐका. उठा, डॉक्टरांकडं जायचं."

इथं पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं पाहिजे, की आमच्याकडच्या बायका 'मी जातो', 'मी करतो' असंच म्हणतात. आणि म्हणतात तसं करतात.

डॉक्टर माझाच विद्यार्थी. दहावी ब मध्ये शेवटच्या बाकावर बसून माझ्या तासाला तो इतका शांत झोपायचा, की मला त्याला उठवायला जिवावर यायचं. त्यानं माझी तक्रार ऐकली आणि म्हणाला, "सर, तुमच्या तासाला मला कधी गोळी लागली नाही."

मग त्यानं तीस वर्षांचं उट्टं काढावं तसे प्रश्न विचारले. दुपारी किती वेळ झोपता? चहा शेवटचा किती वाजता? घोरता का? हे उत्तर सौ.नं दिलं, आणि "तसं विशेष नाही" असं सांगून माझी लाज राखली. दारू? दुसरी कुठली औषधं, खोकल्याचं, सर्दीचं, आयुर्वेदिक? लहानपणी झोपेत चालायचात का? यकृत-मूत्रपिंडाचा काही त्रास? मी म्हटलं, "अरे, एक गोळी मागायला आलोय, पोरीचं स्थळ बघायला नाही." तर म्हणाला, "सर, स्थळ बघतानाही लोक एवढं विचारत नाहीत, म्हणून पुढं माझ्याकडं येतात."

गोळीशिवायचे उपाय त्यानं आधी लिहून दिले. उठायची वेळ रोज एकच. दुपारची झोप बंद. चारनंतर चहा बंद. फोन रात्री दुसऱ्या खोलीत. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही. उठून खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत यायचं. खरं काम यानंच होतं, म्हणाला. आणि घडी बसेपर्यंत आधाराला म्हणून चिठ्ठीवर गोळी लिहिली. झोल्पिडेम, पाच मिलिग्रॅम. चौदा. "पंधरावी नाही," असं तोंडी सांगितलं.

गोळी काय करते तेही मी विचारलं. माझ्या विद्यार्थ्यानं मला शिकवायची ही पहिलीच वेळ, त्यानं ती सोडली नाही. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, तो मेंदूचा ब्रेक. ही गोळी त्या ब्रेकवर पाय देते. शरीरातलं निम्मं औषध साधारण अडीच तासांत उतरतं, पुढच्या अडीच तासांत उरलेल्यातलं निम्मं. म्हातारपणी याहून जास्त वेळ लागतो. मी लगेच चिठ्ठीच्या मागं गणित मांडलं. रात्री अकराला पाच, दीडला अडीच, चारला सव्वा, सकाळी साडेसहाला अर्ध्याच्या थोडं वर. "आता सर," तो म्हणाला, "रात्री दोनला जाग आली, म्हणून आणखी एक घेतली तर?" मी मांडलं. सकाळी सातला पहिलीचं उरलेलं आणि दुसरीचं मिळून जवळजवळ पावणेदोन. म्हणजे तिपटीहून जास्त. "आणि मग तुम्ही आठला गाडी काढून दसरा चौकात जाणार. म्हणून रात्रीची दुसरी गोळी नाही, आणि सात-आठ तास झोपायला शिल्लक नसतील तर पहिलीही नाही." माझा विद्यार्थी मला बिनचूक गणित घालतोय, याचा आनंद मानावा की दुःख, ते मला ठरवता आलं नाही.

सौ.ला त्यानं वेगळं ज्ञान दिलं. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश उतरतं. सकाळी गाडी चालवताना ते अंगात शिल्लक राहतं असं दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ साली बायकांचा डोस दहावरून पाचावर आणायला लावला. त्याआधी वीस वर्षं बायका पुरुषांएवढंच घेत होत्या. सौ. म्हणाली, "बायकांना वेगळं काही लागतं, हे कळायला त्यांना वीस वर्षं लागली? आमच्या ह्यांना पस्तीस झाली." डॉक्टर खो खो हसला. त्याच्या फीमधले शंभर रुपये कमी करावेत असं माझ्या मनात आलं.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली तर दुकानदारानं चष्मा लावून ती तीनदा वाचली, एक जाड वही काढली, आणि डॉक्टरचं नाव, माझं नाव, गोळीचं नाव, किती दिल्या, सगळं उतरवून घेतलं. मी म्हटलं, "मामा, मी काय बंदूक मागितली काय?" तर त्यानं पाकीट उलटं करून तांबडी चौकट दाखवली. २०१४ च्या मार्चपासून ही असली औषधं एच-वन नावाच्या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, नोंद वेगळ्या वहीत करायची, आणि ती तीन वर्षं जपून ठेवायची. माझ्या निद्रानाशाची अशी सरकारदरबारी नोंद झाली. मला जरा बरंच वाटलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझी नोंद इतक्या काळजीनं कुणी ठेवली नव्हती.

पहिल्या रात्रीचा थाट एखाद्या ऑपरेशनसारखा. जेवण आठला आणि हलकं, कारण भरल्या पोटी गोळी उशिरा लागू पडते. गॅस बंद, कडी लावलेली, मोटरचं बटण बंद. माझ्या गाडीची किल्ली सौ.नं तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी घातली. कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, की क्वचित एखादा माणूस ही गोळी घेऊन झोपेतच उठतो, चालतो, स्वयंपाक करतो, गाडीसुद्धा काढतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. २०१९ पासून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात त्याची ठळक चौकट छापतात. असं एकदा जरी झालं तरी गोळी बंद आणि मला फोन, म्हणाला. सौ. म्हणाली, "स्वयंपाक करत असले तर उठवू नको, एवढं विचारून घेतो मी." मग मी अंथरुणावर बसलो, गोळी घेतली आणि आडवा झालो. आधी नाही, आंघोळीला जाताना नाही, कुलूप लावायला जाताना नाही. उशीला डोकं आणि पोटात गोळी, दोन्ही बरोबरच.

सकाळी सहाला घंटागाडीच्या गाण्यानं जाग आली, आणि कालयवनाला मी माफ केलं.

कोल्हापुरात कुठलीही गोष्ट एका घरात राहत नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीला कळलं. पहिले आले वस्ताद. खासबागेत कुस्त्या मारलेला माणूस, सत्तरी उलटली तरी मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळत नाही. "मास्तर, झोपंला गोळी? ह्ये काय ऐकालोय आमी? दोनशे जोर मारा, शेरभर दूध प्या, आन् पडा. मेल्यावानी झोपशीला." मला तेच नको होतं, पण वस्तादांना ते समजावण्यात अर्थ नव्हता.

दुसरे आमचे चित्रकलेचे मास्तर. ते रात्री 'थोडीशी' घेतात. त्यांचा सल्ला कलात्मक होता. "एक गोळी आणि वर एक पेग. काय झोप लागते म्हणतो!" मी डॉक्टरला फोन केला. तो एरवी विनोद करतो, तेव्हा केला नाही. "सर, दोन्ही एकाच ब्रेकवर पाय देतात. ब्रेक जास्त लागला की श्वासही मंद होतो. त्यांना सांगा, अशी झोप कधीकधी मोडतच नाही." मी चित्रकलेच्या मास्तरांना तसं सांगितलं. त्यांनी गोळी सोडली. त्यांच्याकडं ती मुळात नव्हतीच, पण तेवढं तरी सोडलं.

आणि मग आली आत्या.

आत्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. मला आत्यानं वाढवलं. लहानपणी मला झोप येत नसे तेव्हा ती पाठीवर थापटायची. ते थापटणं इतकं जोरकस असायचं, की झोपलो नाही तर पाठ राहणार नाही या भीतीनं मी झोपायचो. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. कान तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण. दर रविवारी लसणाच्या चटणीची बरणी घेऊन रिक्षानं येते आणि रिकामी बरणी घेऊन जाते.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "बाळ, मला रातभर डोळ्याला डोळा न्हाई बघ. चार-चार डाव उठतोय मी. ती तुझी गोळी हाय न्हवं, त्यातली एक दे की."

मी म्हटलं, "आत्या, ती माझ्या नावावरची आहे. तुला चालते की नाही ते डॉक्टरला विचारायला हवं."

"तुझ्या नावावरची म्हंजे? जमीन हाय का ती? एकच दे म्हणतोय मी, पाकीट न्हाई मागत."

वाचकहो, कोल्हापुरात 'नाही' हा शब्द पाहुण्यापुढं काढायची पद्धत नाही. पाहुणा 'पुरे' म्हणाला तर आम्ही वाढतो, 'नको' म्हणाला तर दुप्पट वाढतो. आणि ही तर पाहुणीही नव्हे. महापुरात जिच्या घरी दोनदा आम्ही राहिलो, जिनं स्वतःची खाट मला दिली आणि आपण जमिनीवर झोपली, तिनं शेंगदाण्याएवढी एक गोळी मागावी आणि मी 'नाही' म्हणावं? माझा हात खरोखर कपाटाकडं गेला होता. पण मला तिच्या घरातला तो उभा जिना दिसला. न्हाणीघर मागच्या परसात, मध्ये शेवाळलेली फरशी. या वयात गोळी अंगात जास्त वेळ राहते, तोल जातो, आणि रात्री चारदा उठणारी बाई त्या फरशीवर पाय ठेवणार. आमच्या ओळखीत खुबा मोडलेल्या तीन म्हाताऱ्या आहेत. त्यांतली एक परत चालली. शिवाय ती दुसरं काय काय घेते ते मला माहीत नाही, आणि घोरते तर अशी, की २०१९ साली त्या नऊ रात्री मला पुरापेक्षा तिची भीती वाटायची. मध्येच घोरणं थांबायचं, आणि मी श्वास धरून पुढच्या घोरण्याची वाट बघायचो.

"नाही, आत्या. उद्या तुला डॉक्टरकडं नेतो."

"मी काय इख मागतोय काय?" असं म्हणून ती उठली. बरणी तिथंच राहिली. पुढच्या रविवारी ती आली नाही. फोन केला तर उचलून नुसतं "हां" म्हणायची. मंगळवार पेठेत माझी अब्रू गेली. आत्याच्या शेजारणीनं बाजारात मला बघून पदर सावरला आणि दुसऱ्या बाजूनं गेली. भाच्यानं म्हातारीला गोळी दिली नाही, ही बातमी कुठली गोळी याचा तपशील न देता फिरत होती. सौ.नं मात्र कपाटाला कुलूप लावलं. "तुमचा काय भरवसा? आत्या परत आल्या आणि डोळ्यांत पाणी आणलं, तर पाकीट द्याल."

माझ्या चौदा रात्री तोवर चालू होत्या, पण सगळ्या गोळीच्या नव्हत्या. एके दिवशी जावयाला पहाटे चारला स्टेशनवर सोडायचं होतं; गोळी बंद. बाराव्या रात्रीपासून तर पाऊस असा लागला की विचारू नका. संध्याकाळी ३६ फूट, आठ वाजता ३७. मी अंथरूण घातलं, पाण्याचा पेला घेतला, आणि सौ.नं माझ्याकडं नुसतं बघितलं. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ज्या रात्री उठावं लागेल, कुणाला उचलावं लागेल, घर सोडावं लागेल, त्या रात्री गोळी नाही. गोळीच्या झोपेतून उठलेला माणूस चालतो-बोलतो, पण जागा नसतो." म्हणजे कुंभकर्ण. आता गंमत बघा. माझी झोप गेली पुरामुळं. पुरासाठी मला गोळी मिळाली. आणि पूर येणार असला की तीच गोळी घ्यायची नाही. तर्काच्या तासाला असं उदाहरण मी फळ्यावर लिहिलं असतं.

मी फोन परत घेतला. रात्रीचे सव्वाअकरा. ३९ फूट. इशारा पातळी. आणि तेवढ्यात फोन वाजला.

"बाळ, पाणी किती आलं?"

"एकोणचाळीस झालं, आत्या."

"मग बसलायस काय? खोली झाडून ठेवलीया. दोघं या. गोळी न्हाई तर न्हाई. चुलीत गेली ती गोळी."

वस्तादांच्या पोरानं जीप काढली. साडेबाराला आम्ही मंगळवार पेठेत. आत्यानं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं नाही, सौ.ला पोटाशी धरलं आणि मला म्हणाली, "खाट तिकडं हाय." मी खाटेवर पडलो. गोळी घेतलेली नव्हती, त्यामुळं टक्क जागा. पावणेदोनला आत्याची खाट वाजली. दिव्याचं बटण, काठी, मागच्या दाराची कडी. मी उठून दाराशी उभा राहिलो. ती फरशीवरून एकेक पाऊल टाकत गेली आणि आली. अडीचला पुन्हा. पावणेचारला पुन्हा. पाचला चौथ्यांदा. चारी वेळा मी दाराच्या आड उभा. चौथ्या वेळी तिला दिसलो. "तू का जागा?" मी म्हटलं, "लघवीला." म्हणाली, "घराणंच तसं."

सकाळी सौ.नं तिचा औषधांचा डबा मागितला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात सात-आठ पाकिटं आणि खोकल्याची बाटली. आमचा मुक्काम तीन रात्री पडला, पाणी चाळिसावरून उतरायला लागलं, आणि चौथ्या दिवशी सौ. डबा आणि आत्या दोन्ही घेऊन डॉक्टरकडं गेली. माझ्याबरोबर आत्या गेली नसती.

डॉक्टरनं एकेक पाकीट टेबलावर मांडलं. रक्तदाबाची एक गोळी त्यानं उचलली. "ही कधी घेता?" "रात्री निजताना." "चिठ्ठीवर तर सकाळी लिहिलंय." "सकाळच्या लई गोळ्या होत्यात, म्हणून मी तिला रातीला नेली." त्या गोळीत लघवी होण्याचंही औषध होतं. आत्या रोज रात्री ती घ्यायची आणि रात्रभर ती आपलं काम चोख करायची. खोकल्याची बाटली दुपारी जेवल्यावर दोन चमचे, खोकला असो नसो. त्यानं गुंगी येते, म्हणून दुपारी एक ते चार गाढ झोप. मग रात्री कुठली येणार? डॉक्टरनं तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला, दोघं बोलले, रक्तदाबाची गोळी सकाळवर गेली, बाटली बंद झाली, घोरण्याची तपासणी लिहून दिली. "आजी, घोरणं आणि झोपेची गोळी ही जोडी मला पसंत नाही," म्हणाला. झोपेची गोळी दिली नाहीच.

दहा दिवसांनी आत्या बरणी घेऊन आली. रात्री एकदाच उठते म्हणाली. मंगळवार पेठेत मात्र तिनं सांगितलंय, की डॉक्टरनं तिला माझ्यापेक्षा भारी गोळी दिली, सकाळी घेतली तरी रात्री झोप येते अशी. मी त्यात दुरुस्ती केली नाही. शेजारीण आता बाजारात माझ्याशी बोलते.

माझ्या चौदा रात्री संपल्या तेव्हा पाकिटात चार गोळ्या उरल्या होत्या. डॉक्टरला विचारलं, "पुढच्या पावसाळ्याला ठेवू?" म्हणाला, "ठेवायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत. पाकिटातून काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, म्हणजे पोराटोरांच्या, कुत्र्यामांजरांच्या हाती लागत नाहीत." चहा झोपेचा वैरी आणि गोळी झोपेची सोबतीण, दोघांचं एकाच पिशवीत जाणं मला आवडलं. रविवारी सकाळी सौ.नं गाळणीतला चोथा काढला, मी त्यात एकेक गोळी टाकली, आणि चमच्यानं ढवळत होतो, तेव्हा आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"पैशे देऊन आणलेल्या चांगल्या गोळ्या चोथ्यात कालवालायस?" ती म्हणाली. "मला दिल्या असत्यास तर काय झिजला असतास रे?"